टोपलीतला फोन

“मामाजीच्या टोपलीत फोन टाकत नोको जाऊ बापा, उर्वशी. पदराले बांध, नाहीतर सरळ खोटं बोल का घरी राह्यला म्हनून. पन टोपलीत नोको.”

साधनाताई, माझी मोठी जाऊ, विहाराच्या पायरीवर चपला काढता काढता हे म्हणाली, तेव्हा सलोनी माझ्या पोटात होती आणि या घरातला माझा तो पहिलाच वर्षावास होता. मी हसून सोडून दिलं. साधनाताई कुणाबद्दल काहीतरी अर्धवट बोलून ठेवते आणि मग आपण नामानिराळी राहते, एवढं मला तोवर कळलं होतं. शिवाय ती टोपली मला आवडायची.

मामाजी, म्हणजे माझे सासरे देवराव, जन्मभर एसटीत कंडक्टर. निवृत्त झाले तरी रांगेतून चालल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ग्रंथवाचन चालतं आणि वाचणारे तेच. वाचायला बसण्याआधी ते बांबूची टोपली घेऊन माणसांमधून फिरतात. “चला, तिकीट, तिकीट! पुढं सरका, पुढं लय जागा हाय.” ज्याच्याजवळ फोन असेल त्याने तो टोपलीत टाकायचा. मग टोपली दाराबाहेर, चपलांच्या शेजारी. वाचन संपेपर्यंत आमची सगळी वस्ती जगाला न सापडणारी. मला त्यात शिस्त दिसायची. साधनाताईला काय दिसत होतं, ते मी तिला विचारलंही नाही.

यंदाच्या समारोपाला, भर दुपारी, मामाजींचा आवाज वाचता वाचता थांबला. आधी सगळ्यांना वाटलं, शेवटचं पान आहे, भरून आलं असेल. पण त्यांनी डोळ्यांना हात लावला नाही, जबड्याला लावला. मग डाव्या खांद्याला. पांढरा सदरा बघता बघता पाठीला चिकटला.

मी सलोनीला साधनाताईच्या मांडीवर टाकलं आणि बाहेर धावले. माझा फोन टोपलीत तळाशी कुठेतरी दबलेला. वरच एक काळा, बटणांचा फोन पडलेला होता. म्हाताऱ्या माणसांचे असतात तसा, कुलूप-बिलूप नसलेला. तोच उचलला आणि १०८ लावला. गाव सांगितलं, विहार सांगितला, छातीचं दुखणं आहे, घाम सुटलाय, सगळं सांगितलं. गाडी निघते, असं उत्तर मिळालं. मग मी तो फोन होता तिथे, टोपलीत परत ठेवला. दुसऱ्याची वस्तू जिथून घेतली तिथे ठेवायची, हे या घराने मला लावलेलं वळण.

आत येऊन म्हणाले, “लावला फोन. गाडी येते.”

हे ऐकलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. म्हणूनच दुसरा फोन कुणीच लावला नाही.

गाडी आली नाही. आम्ही रस्त्याकडे पाहत राहिलो. मामाजी भिंतीला टेकून “येते, येते” म्हणत आमचीच समजूत काढत होते. घरची पिकअप सकाळपासून विहारासमोरच्या कडुलिंबाखाली उभी होती, पण माझे भासरे, म्हणजे साधनाताईचे नवरे संघदीपदादा, पाण्याचे कॅन आणायला तीच घेऊन मुकुटबनला गेले होते. त्यांना बोलवायचं तर त्यांचाही फोन टोपलीतच. शेवटी तांड्यावरचा अमरसिंग सोयाबीनचे कट्टे घेऊन चालला होता. त्याने कट्टे रस्त्याच्या कडेला उतरवले आणि मामाजींना ट्रॉलीत घेतलं. मुकुटबन, तिथून वणी, वणीहून यवतमाळ. मामाजी वाचले. पण हृदयाचा एक भाग कायमचा गेला. यवतमाळच्या डॉक्टरांनी बाहेर येऊन जे म्हटलं ते आमच्या घरात नंतर प्रत्येकाच्या तोंडी होतं : “थोडं आधी आणायला हवं होतं.”

थोडं आधी. मग उशीर कुणी केला?

*

मामाजींना घरी आणल्यानंतरचा तो रविवार होता. ओसरीवर त्यांची खाट, उशाशी औषधांची पिशवी. माझा नवरा अतुल लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला आहे, तो शनिवारीच आला होता. भेटायला येणारी माणसं चहा घेऊन जायची आणि जाताना स्वयंपाकघराच्या दाराकडे, म्हणजे माझ्याकडे, एकदा बघून जायची.

मी चुलीपाशी सलोनीला भात भरवत होते. अतुल आत आला. उगाच माठाचं झाकण उचललं, परत ठेवलं.

“उर्वशी, तू फोन लावलाच होता ना?”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. दादा म्हणून राह्यला म्हणून विचारलं.”

“काय म्हणतो दादा?”

“थो म्हणते, त्यानं चौकशी केली. तुह्या नंबरावरून त्या दिवशी कोणताच कॉल नाही.”

“माझ्या नंबरावरून लावलाच नव्हता. टोपलीतल्या फोनवरून लावला.”

“कोणाच्या?”

“मला काय माहीत कोणाचा? बटणाचा होता, काळा.”

“पूर्ण वस्तीत म्हाताऱ्यायजवळ काळेच फोन हायेत.” तो खाली बसला. सलोनीच्या गालावरचं शीत त्याने बोटाने काढलं. “मी म्हणत नाही तू खोटं बोलते. पण दोन महिन्यापासून आपलं चालू होतं ना, लोहाऱ्याले खोली घेऊ म्हणून. बाबा नाही म्हणत होते. लोकायले तेवढंच पुरते.”

म्हणजे हिशेब असा जुळवला होता. सासरा नाही म्हणतो, सून शहरात जायला टपलेली, सुनेने फोन लावल्याचं नाटक केलं. मी अतुलकडे पाहिलं. तो ‘लावला होता ना’ म्हणाला असता तर चाललं असतं. तो ‘लावलाच होता ना’ म्हणाला होता. त्या एका ‘च’ने मला जेवढं भाजलं तेवढं चुलीनेही कधी भाजलं नव्हतं.

“बटणाचे फोन पाह्यले का मग?” मी विचारलं.

“दादानं सगळ्यायले विचारलं. कोणीच हो म्हणत नाही.”

“आणि आई?”

“मायचा फोन त्या दिवशी घरीच होता म्हणते.”

मी सलोनीला पुढचा घास दिला. पण माझं लक्ष तेवढ्यात मागच्या दाराकडे गेलं. माझी सासू, सत्यशीला, परसात तुरीच्या काड्यांची मोळी सोडत बसली होती. आमचं बोलणं ऐकू येईल इतक्या जवळ. हात थांबलेले. आम्ही गप्प झालो तसे ते पुन्हा चालू झाले.

*

संघदीपदादा बाहेर माणसांपुढे काय बोलत होते ते मला आतून ऐकू येत होतं. त्यांच्या मनात काय होत होतं ते मला साधनाताईने पुढे सांगितलं, म्हणून ते त्यांच्या बाजूने सांगते.

समारोपाच्या दुपारी त्यांनी कॅन कधीच भरून घेतले होते. पण मुकुटबनच्या चौकात दोस्त भेटले, पान झालं, मग दुसरं पान. उन्हात पिकअपच्या दाराला रेलून गप्पा चालल्या होत्या. तेवढ्यात अमरसिंगचा ट्रॅक्टर चौकातून जाताना दिसला. दादांनी तोंडातलं पान एका गालात घेऊन हाळी दिली, “काय बे अमरसिंग, आज सोयाबीन सोडून मानसं भरली का?” दोस्त हसले. ट्रॅक्टर पुढे गेला आणि मग मागच्या ट्रॉलीत त्यांना आपल्या बापाचा पांढरा सदरा दिसला.

ती हाळी आणि ते हसणं त्यांच्या कानांतून जात नव्हतं. एखाद्या माणसाला असं काही ऐकू येत राहिलं की त्याला दुसरा कुणीतरी गुन्हेगार लागतोच. मी सोयीची होते. शिकलेली, बाहेरची, आर्णीहून आलेली, आणि हातात फोन असलेली.

“शिकलेल्या बाईले फोन लावता येत नाही, असं होते का?” ते ओसरीवर म्हणत होते. “लावाचा नसन तर मंग गोष्ट वेगळी.”

“दादा,” मी दारातून म्हणाले, “माझं नाव घेऊन बोला ना.”

“नाव कोनं घेतलं? तुले काहून लागलं?”

“हळू बोला रे,” खाटेवरून मामाजींचा आवाज आला. आता तो आवाज पाण्याखालून यावा तसा येतो. जो माणूस एसटीच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायचा, त्याचं बोलणं ऐकायला आता वाकावं लागतं.

*

चहाचे कप घासायला साधनाताई माझ्याजवळ येऊन बसली. ती आपण होऊन माझ्या शेजारी बसली की मी सावध होते. त्या दिवशी जास्तच झाले, कारण दादांची बायको तीच.

“मी तुले म्हटलं होतं टोपलीत फोन टाकू नोको,” ती राखेचा हात कपावर फिरवत म्हणाली.

“आता ते बोलून काय?”

“तसं नाही. मले म्हणाचं होतं का त्या टोपलीत कोन कोनाचा फोन उचलते, कोन ऐकते, काही मालूम पडत नाही. माहा फोन एकडाव आला होता माहेरून, माह्या बापाच्या वक्ताले. कोनं उचलला, काय सांगतलं, आजलोक समजलं नाही. म्या वाचन संपल्यावर पाह्यलं. तवा तिकडं माती देऊन झाली होती.”

मी हात थांबवून तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं हिच्या तोंडात ही गोष्ट होती, आणि मी समजत होते की ही आग लावते.

“ताई, तुम्ही मला हे तेव्हाच का नाही सांगितलं?”

“तू हासली ना.” तिने कप पालथा घातला. मग मान न वळवता, ओठही फारसे न हलवता म्हणाली, “आईवर ध्यान ठेव.”

“आईंवर?”

“बुधवारी बाजारात होतो आमी. मी भाजी घेऊन राह्यली होती. पाहतो तं आई पोडावरच्या, डोंगरातल्या कोलामायच्या वस्तीतल्या बायांपाशी बसलेल्या. डिंक विकत घेतल्यावानी करत होत्या, पन डिंक घेतला नाही. कानात कानात काहीतरी विचारत होत्या. मी जवळ गेली तशा उठल्या. ‘चल, ऊन झालं,’ म्हने. ऊन कुठी होतं? आभाळ आलं होतं.”

“कशासाठी विचारत असतील?”

“मले काय मालूम? तिकडं भगत राहते म्हंतात एक. झाडपाला देते, गंडे देते.” ती आता कुजबुजत होती. “आपल्या घरात हे चालन का? मामाजीले समजलं तं त्यायचा उरलेला जीव जाईन.”

सासूबाई आणि भगत! ज्या बाईने लग्नात माझ्या दंडावरचा काळा दोरा स्वतः कापून टाकला होता, ती? माझा विश्वास बसत नव्हता. पण मग मला एकेक आठवायला लागलं. त्यांचा फोन हल्ली वाजत नाही. वरोऱ्याच्या मावशीशी रोज दुपारी बोलणारी बाई दोन आठवडे बोललेली नाही. परवा मी तांदूळ काढायला कोठीत हात घातला तर तांदळाच्या आत काहीतरी कडक लागलं होतं. मी वाटी समजून सोडून दिलं होतं.

मी उठले. कोठीत हात घातला. बटणाचा काळा फोन, बंद करून ठेवलेला.

मी तो बाहेर काढला नाही. तांदूळ वर लोटले आणि झाकण लावलं. हा पुरावा होता की फक्त एका म्हाताऱ्या बाईचा बंद फोन, ते मला ठरवता येईना. आणि खरं सांगायचं तर भीती वाटली. मी तो ओसरीवर नेऊन आपटला असता तर माझं नाव धुऊन निघालं असतं. पण कुणाच्या नावावर ती घाण पडली असती?

*

दुपारी बाहेरची माणसं पांगली. ओसरीवर घरचेच उरलो. मामाजी खाटेवर, त्यांच्या पायथ्याशी अतुल. संघदीपदादा खांबाला टेकून उभे. मी सलोनीला मांडीवर झोपवत होते. साधनाताई दारात अर्धी आत, अर्धी बाहेर, कुणाच्या बाजूची ते ठरायचं असल्यासारखी. आई कोपऱ्यात वाती वळत होत्या. पौर्णिमेला अजून वेळ होता, वातींचा ढीग झाला होता.

“अतुल, मी साफ सांगतो,” दादा म्हणाले. “हिले लोहाऱ्याले घेऊन जा. मले काही म्हनाचं नाही. पन बाबाच्या जवळ हिले ठेवून मी शेतात जाऊ शकत नाही. भरोसा नाही राह्यला.”

“दादा, जबान सांभाळ,” अतुल म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. मला बरं वाटलं, आणि उशिरा आल्याचा रागही आला. 

“काय सांभाळू? पुऱ्या वस्तीतले फोन विचारले. कोनाच्याच फोनवरून नाही लागला. राह्यला मायचा, तं थो घरी होता. मंग काय हवेतून फोन लावला का इनं?”

आईंच्या बोटांतली वात तुटली.

“घरी नोता,” मामाजी म्हणाले.

सगळे खाटेकडे वळले. त्यांनी डोळे उघडले नव्हते.

“काय म्हनलं बाबा?”

“तुह्या मायचा फोन घरी नोता. म्या सोता घेतला टोपलीत.” ते मध्ये थांबून श्वास घेत होते. “म्या म्हनलं, सत्यशीलाबाई, तिकीट? तं हे म्हने, मी फुकट प्रवासवाली, कंडक्टरची बायको. म्या म्हनलं, कायदा सगळ्यायले सारखा. तवा देल्ला तिनं. हासून देल्ला. मंग गेली मांगं, खिरीपाशी.”

 ती थट्टा मलाही आठवली, आम्ही सगळ्या बायका त्यावर हसलो होतो. फक्त तेव्हा हाती काय पडलं ते कुणी पाहिलं नव्हतं.

“माय?” संघदीपदादा म्हणाले.

आईंनी वातींचं ताट बाजूला सरकवलं. पदराने हात पुसले. पुन्हा पुसले.

“म्याच पाठवली थे गाडी,” त्या म्हणाल्या. “वापस.”

*

आई त्या दिवशी विहारामागे खीर ढवळत होत्या. आतला गलका ऐकून पळी टाकून धावत आल्या, तर दारातल्या टोपलीत फोन वाजत होता. त्यांचाच. त्याचं गाणं त्यांना ओळखू येतं. त्यांनी तो उचलला; त्यावरून मी १०८ लावला होता आणि म्हणून तो उलट आलाय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

गाडीतला माणूस होता. पेशंट बोलतो का, त्याने विचारलं. आईंनी दारातून आत पाहिलं. मामाजी बसलेले होते, पाणी पीत होते, साधनाताईला काहीतरी सांगतही होते. आई म्हणाल्या, बोलतेत. मग तो माणूस म्हणाला, तुमच्याकडे दुसरी गाडी आहे का मावशी? आत्ताच एका पोडावरून निरोप आलाय, बाई अडली आहे, मूल आडवं आहे. आम्ही दोन्हींच्या मधे आहोत. या बाजूला आत्ता एकच गाडी आहे.

या घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, आईंची थोरली बहीण कशी गेली ते. बैलगाडीत, मूल आडवं, दवाखान्याच्या वाटेवर. आई तेव्हा परकरी पोर होती आणि बहिणीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. ही गोष्ट आई कधी सांगत नाहीत. पण घरात कुणीही बाळंतपणाला निघाली की त्या आधी गाडीखाली वाकून चाकं बघतात. माझ्या वेळीही पाहिली होती.

“म्या म्हनलं, आमच्यापाशी गाडी हाय. संघदीपची पिकप हाय झाडाखाली. तुमी तिकडं जा,” आई म्हणाल्या. “म्या सकाळी पाह्यली होती डोळ्यानं. फोन ठेवला आन वळून पाह्यलं तं झाडाखाली निस्ती सावली.”

संघदीपदादांनी खांब सोडला.

“मंग फिरून लावला त्याच नंबरावर. लावत राह्यली. थ्या डोंगरात रेंज कुठी हाय? बाई बोले, संपर्काच्या बाहेर हाय. मंग उर्वशी म्हने गाडी येते. समदे म्हनत गाडी येते. मी काय सांगू? मी रस्त्याकडे पाहत उभी राह्यली तुमच्यासंग. मले एकटीलेच मालूम होतं का कोनी येत नाही.”

“आणि मी?” माझ्या तोंडून निघालं. सलोनी दचकली. “आई, दोन आठवडे मला सगळे बोलत होते, तुम्ही समोर होत्या.”

“हो,” त्या म्हणाल्या. “होतो समोर.”

एवढंच. माफी नाही, रडणं नाही. मला त्यांचा इतका राग आला, आणि त्याच वेळी हेही दिसलं की त्यांनी मामाजींच्या खाटेकडे बघायचं टाळलंय, दोन आठवड्यांपासून टाळलंय. गोळ्या देतानासुद्धा त्या त्यांच्या तळहाताकडे बघायच्या, तोंडाकडे नाही.

“वा माय,” संघदीपदादा हसले. ते हसू चांगलं नव्हतं. “सुनेले वाचवाले गोष्ट मस्त बांधली. फोन टोपलीत होता, मान्य. पन पोडावरची बाई कोनं पाह्यली? कोनता पोड? नाव काय तिचं?”

“नाव नाही ऐकू आलं. खरखर होती. पोड म्हनला तेवढं ऐकलं.”

“या डोंगरात पोड काय एक हाय? का दोघीनं बसून ठरवलं हे?”

“संघदीप!” हे साधनाताई बोलली. नवऱ्याला नावाने हाक मारलेली मी तिला पहिल्यांदाच ऐकली. ती दारातून पूर्ण आत आली आणि आईंच्या शेजारी जमिनीवर बसली. “बाजारात त्या बायायले हेच विचारत होत्या ना आई? कोनी बाळंत झाली का म्हनून?”

आईंनी मान हलवली. “कोनीच नीट सांगत नाही. थ्यायले वाटते, बाहेरचं मानूस काहून विचारते, काही लफडं असन. माह्या बोलन्यावर भरोसा नाही थ्यायचा.”

“म्हणून फोन तांदळात ठेवला?” मी विचारलं.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. “तिकडून फोन आला, आन म्हनले बाई बी गेली, गाडी पोचलीच नाही, तं? मंग म्या हे कायच्यासाठी घालवलं?” ‘हे’ म्हणताना त्यांनी खाटेकडे नुसता हात केला.

 मामाजींच्या छातीवरची चादर खाली-वर होत होती. मला वाटलं, आता ते तोंड भिंतीकडे वळवतील. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा संसार, आणि या बाईने त्यांच्या वाटची गाडी दुसऱ्याला देऊन टाकली होती. न विचारता. त्यांचा तो हक्क होता, रागावण्याचा. आम्ही सगळे त्या रागाची वाट पाहत होतो, दादा तर आशेने.

“सत्यशीला,” ते म्हणाले.

आई उठून खाटेजवळ गेल्या. वाकल्या.

“मोकळी झाली का थे बाई?”

“मले मालूम नाही जी,” आई म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे त्यांचा आवाज फुटला.

“पाहा ना मंग,” मामाजी म्हणाले. “कोनी पाह्यलं पाह्यजे ना.”

*

आईंच्या फोनात त्या दिवशीचा नंबर राहिला नव्हता, आणि १०८ वाले दुसऱ्या पेशंटचं काही सांगायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी अतुल आणि अमरसिंग दोन पोडांवर जाऊन आले. एका ठिकाणी म्हणाले, इथली नाही. दुसऱ्या ठिकाणी बायका घरात गेल्या आणि दारं लावून घेतली. अनोळखी पुरुष, बाळंतिणीची चौकशी. मीही असते तर लावली असती. मी सलोनीला कडेवर घेऊन स्वतः जाते म्हटलं, तर संघदीपदादांनी पिकअपची किल्ली दिली नाही. “जिथं कोनी नाहीच, तिथं जाऊन काय करशीन?” ते म्हणाले. किल्ली खिशात होती, हात त्या खिशावर होता. मला तेव्हाही वाटलं आणि अजूनही वाटतं, की ती बाई सापडू नये असं त्यांना वाटतंय. ती सापडली तर कडुलिंबाखालची रिकामी सावली त्यांची होते.

आणि हेही लिहून टाकते. कधीकधी, आई माझ्यासमोर वाती वळत बसलेल्या असताना, मला त्यांच्याबद्दलच शंका येते. खरंच असं झालं होतं का? की दादा म्हणतात तसं, म्हाताऱ्या बाईने मला वाचवायला एक अडलेली बाई उभी केली? मग मी कोठीकडे बघते आणि स्वतःला गप्प करते. या घरात आता कुणीच कुणावर पूर्ण विश्वास ठेवून जेवत नाही. आम्ही सगळे एका अशा बाईवर अवलंबून आहोत, जिचा चेहराही आम्ही पाहिलेला नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही शिक्षक असाल, नर्स असाल, डिंक किंवा कापूस घ्यायला त्या बाजूने फिरणारे असाल, नुसते पाहुणे म्हणून चालले असाल. मुकुटबनच्या पलीकडच्या डोंगरात, पोडावर गेलात, तर बायकांना विचारा. पुरुषांनी विचारू नका, दारं लागतील. आश्विन पौर्णिमेच्या दुपारी इथून कुणी आडव्या मुलाची बाळंतीण गाडीत गेली होती का? गाडी पोचली का? ती कशी आहे, उठते-बसते का, मूल रडलं का? नाव सांगितलं नाही तरी चालेल. फक्त डोळ्यांनी पाहून या.

आणि मग आमच्या घरी फोन लावा, जे असेल ते सांगा. आईंनी फोन तांदळातून काढलाय, रोज चार्ज करतात, आणि आता तो कुठल्याच टोपलीत जात नाही. त्या उचलतील.